दगडांच्या नद्या

लडाखमध्ये एक हिवाळा काढलेल्या कुठल्याही सॅपरला विचारा, तो सांगेल की तिथली जमीन लोखंड धरून ठेवत नाही. सप्टेंबरात तारेच्या कुंपणासाठी लोखंडी पिकेट दोन-अडीच फूट ठोकायचे आणि पुढच्या जूनमध्ये जाऊन बघायचं. काही बोटभर वर आलेले असतात, काही वीतभर. दोन-तीन हिवाळे गेले की निम्मे कललेले आणि तार लोंबकळलेली. आमच्या कंपनीत साताऱ्याकडचे एक सुभेदार साहेब होते. ते म्हणायचे, "साहेब, आमच्याकडं रानात दरसाल दगड उगवत्यात. हितं खुंट उगवत्यात."

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्या काळ्या मातीत खरोखरच दगड वर येतात. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि या फुगण्या-आकसण्यात खालचे दगड थोडे थोडे वर सरकतात. लडाखमध्ये तेच काम बर्फ करतो, आणि जास्त ताकदीने करतो.

बहुतेकांचा समज असा की पाणी गोठताना फुगतं म्हणून जमीन उचलली जाते. पाणी ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं हे खरं, पण तेवढ्यावर हिशेब जुळत नाही. जमीन त्याहून पुष्कळ जास्त उचलली जाते. हा गुंता सोडवला स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने, १९२९-३० साली, आणि तेही साउथ कॅरोलायनासारख्या उबदार राज्यात बसून. त्याने माती पाण्याऐवजी बेन्झीनमध्ये भिजवून गोठवली. बेन्झीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती उचलली गेली. म्हणजे खरं कारण वेगळं होतं. थंडी वरून खाली शिरते, गोठणाऱ्या थराकडे खालची ओल बारीक मातीतून वर ओढली जाते आणि तिथे बर्फाचे पातळ पापुद्रे साचत जातात. त्यांनी माती वर उचलली की तिच्यात गोठून अडकलेला दगडही उचलला जातो. त्याच्याखाली पोकळी राहते, त्या पोकळीत आजूबाजूची माती सरकते. उन्हाळ्यात माती पुन्हा खाली बसते, दगडाला मात्र बसायला जागा उरलेली नसते. जाड वाळूत किंवा खडीत ओल अशी वर ओढली जात नाही. म्हणूनच आम्ही रस्त्याखाली खडीचा जाड थर देतो, आणि जिथे तो कमी पडतो तिथे मे महिन्यात रस्ता पापडासारखा फुगलेला दिसतो.

सपाट जागी हा प्रकार शेकडो वर्षं चालला की माती आणि दगड एकमेकांपासून वेगळे होतात. मध्ये बारीक मातीचं गोल चकंदळ, कडेने दगडांचं कडं, शेजारी आणखी एक. पाच हजार मीटरच्या आसपास अशी कडी मी पाहिली आहेत. नवीन आलेल्या जवानांना वाटतं की आधीच्या पलटणीने हेलिपॅडच्या खुणा करून ठेवल्या असाव्यात. जमीन कलती झाली की हीच कडी लांबट होतात आणि उतार वाढला की त्यांचे पट्टे बनतात. एक पट्टा दगडांचा, एक मातीचा, उताराच्या दिशेने नांगरटीसारखे.

उतारावर आणखी दोन गोष्टी घडतात. गोठताना माती उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात उचलली जाते, पण वितळताना सरळ खाली बसते. त्यामुळे प्रत्येक दगड दर हिवाळ्यात एक बारीक पाऊल खाली टाकतो. दुसरी गोष्ट वितळणीच्या वेळची. वरचा हातभर थर सुटतो, खालचा अजून दगडासारखा गोठलेला असतो, पाणी मुरायला वाट नसते. वरची माती मग पिठल्यासारखी होते आणि दगडांसकट खाली सरकते. वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. डोळ्याला दिसत नाही. आणि हवामान बदललं, थंडी गेली की हे सगळं थांबतं. दगड मात्र जसे लागले होते तसेच राहतात.

असे थांबलेले दगड माणसाला वाचता कसे यायला लागले, त्याची गोष्ट मला सांगायची आहे. ती लडाखची नाही. ती दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांची आहे, आणि शेवटी ती फौजी गोष्टही होते.

फॉकलंडला मूळचं झाड नाही. गवत, दलदलीची पीट माती, वारा आणि क्वार्ट्झाइटचे करडे डोंगर. या डोंगरांच्या उतारांवरून आणि खालच्या दऱ्यांतून दगडांच्या नद्या गेल्या आहेत. पाण्याचा टिपूस वरून दिसत नाही, नुसते धारदार कडांचे धोंडे, फूटभरापासून माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, एकाला एक लागून. पोर्ट लुईसजवळच्या सर्वांत प्रसिद्ध नदीचं नाव प्रिन्सेस स्ट्रीट. एडिंबरोच्या फरसबंदी रस्त्यावरून ते पडलं. तिची लांबी चार किलोमीटरच्या आसपास भरते. बूगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६४ मध्ये इथे वसाहत करायला आला, तेव्हा त्याच्यासोबत पेर्नेती नावाचा बेनेडिक्टाइन साधू होता. या दगडांचं वर्णन त्याने करून ठेवलं आहे.

मग आला डार्विन. मार्च १८३४, वय २५. दोन गाउचो आणि सहा घोडे घेऊन तो पूर्व फॉकलंड पालथं घालायला निघाला. त्याची नजर किती तयार होती पाहा. हे दगड पाण्याने झिजलेले नाहीत, कडा धारदार आहेत, हे त्याने पाहिलं. ते ढीग करून पडलेले नाहीत, प्रवाहासारखे पसरले आहेत, हेही पाहिलं. डोंगराच्या अंगावर उतार दहा अंशांचा, तर काही रुंद दऱ्यांत तो जेमतेम जाणवेल इतकाच. म्हणजे एवढ्या सपाटीवरून हे धोंडे नुसते गडगडत येणं शक्य नाही. एकदा पावसात तो एका धोंड्याच्या आडोशाला बसला. दगडांवरून चालताना पायाखाली कित्येक फूट खोल पाणी झुळझुळतंय हे त्याने ऐकलं आणि नोंदवलं.

निरीक्षणं जवळजवळ सगळी बरोबर. निष्कर्ष भूकंपाचा. त्यानंतर वर्षभरात, मार्च १८३५ मध्ये, चिलीत कॉन्सेप्सिऑन शहर भूकंपाने जमीनदोस्त झालेलं त्याने पाहिलं, आणि फॉकलंडच्या दगडांनाही अशाच पण कितीतरी मोठ्या हादऱ्यांनी समतल पसरवलं असावं असं त्याला वाटलं. मला यात डार्विनचा दोष दिसत नाही. बर्फयुगाची कल्पना अगासीने स्वित्झर्लंडमध्ये जाहीरपणे मांडली ती १८३७ मध्ये. १८३४ च्या माणसाकडे दोनच हत्यारं होती, पाणी आणि भूकंप. पाणी त्याने स्वतःच बाद केलं होतं. शिवाय एवढा मोठा परिणाम दिसला की कारणही दणदणीत असणार असं मनाला वाटतंच. आम्ही लढाया शिकतो तेव्हाही हेच होतं. निर्णायक हल्ला सगळ्यांना पाठ असतो, त्याआधीची सहा महिन्यांची रसद कुणाला आठवत नाही.

नजर बदलली की तेच दगड वेगळं बोलतात, याचं एक उदाहरण आपल्या घरचं आहे. १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी ओडिशातल्या तालचेरच्या कोळसा खोऱ्यात नकाशे करत होते. तिथे त्यांना अगदी बारीक गाळात मोठमोठे गोटे रुतलेले दिसले. इतका बारीक गाळ संथ पाण्यात बसतो, आणि संथ पाणी एवढे गोटे वाहून आणत नाही. त्यांनी लिहिलं, हे बर्फाचं काम असावं. ओडिशात बर्फ! पुढे १८७२ मध्ये फेडनला चंद्रपूरजवळ, इरई गावापाशी, पैनगंगेच्या काठी चुनखडकाचा एक पृष्ठभाग सापडला. घासून गुळगुळीत केलेला आणि त्यावर समांतर ओरखडे. वर तालचेरसारखाच गोट्यांचा थर. मे महिन्यात जिथे डांबर वितळतं त्या चंद्रपुरात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदी जमीन घासत गेली होती. ते हिमनदीचं काम होतं, फॉकलंडसारखं उतारावरचं नव्हे. पण फरक पडला तो नजरेत. अगासीनंतरची माणसं बर्फाला साक्षीदार म्हणून उभं करू शकत होती.

फॉकलंडला १८७६ मध्ये चॅलेंजर जहाज आलं. त्यावरच्या वैज्ञानिकांचा प्रमुख विव्हिल थॉमसन याने भूकंप बाजूला सारला. त्याच्या मते माती ओली होऊन फुगते, सुकून आकसते आणि तिच्यासोबत धोंडे हळूहळू उतारावरून खाली येतात. नंतर खालून वाहणारं पाणी माती धुऊन नेतं आणि उघडे धोंडे उरतात. हळूहळू, हा शब्द पहिल्यांदा या दगडांना लागला. डार्विनने पायाखाली ऐकलेल्या पाण्यालाही काम मिळालं. राहिली ती फक्त थंडी.

ती आणली योहान गुन्नर अँडरसन या स्वीडिश भूवैज्ञानिकाने. १८९९ मध्ये तो उत्तर ध्रुवाकडच्या बेअर आयलंडवर होता. तिथे त्याने उतार जिवंत पाहिले होते. बर्फ वितळतोय, माती दगडांसकट लापशीसारखी सरकतेय. १९०२ मध्ये तोच माणूस नोर्डेनशेल्डच्या अंटार्क्टिक मोहिमेतून फॉकलंडला पोचला, आणि तिथे त्याला तोच उतार दिसला, पण मेलेला. बेअर आयलंडवर जे चालू होतं ते इथे कधीकाळी चालून थांबलं होतं. १९०६ मध्ये त्याने यावर निबंध लिहिला आणि या सरकण्याला लॅटिनमधून नाव दिलं, सॉलिफ्लक्शन, म्हणजे जमिनीचं वाहणं. आज शब्द जगभर चालतो.

फॉकलंडला हिमयुगात बर्फाची अखंड चादर नव्हती. माउंट अस्बोर्नसारख्या उंच जागी छोट्या हिमनद्या होत्या, बाकी बेट उघडं, वाऱ्यावर आणि कडाक्याच्या थंडीत. क्वार्ट्झाइटचे कडे फुटले, तुकडे मातीत मिसळून खाली सरकले, गोठण्या-वितळण्यात मोठे दगड वर आले आणि माती मागून पाण्याबरोबर गेली.

अँडरसनबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण माजी सैनिक वाचकांना ते आवडेल. फॉकलंडनंतर, डिसेंबर १९०२ च्या अखेरीस, त्याला आणि आणखी दोघांना अंटार्क्टिकातल्या होप बे इथे उतरवलं गेलं, चालत मुख्य तळ गाठण्यासाठी. त्यांना पोचता आलं नाही, ते परत आले. त्यांना न्यायला येणारं जहाज फेब्रुवारी १९०३ मध्ये बर्फात चिरडून बुडालं. याची त्यांना खबर नाही. तिघांत एक अँडरसन, एक ग्रुंडेन नावाचा खलाशी आणि एक स्वीडिश तोफखान्याचा लेफ्टनंट, दूसे. तिघांनी दगड रचून झोपडी बांधली आणि पेंग्विन, सील खाऊन अख्खा हिवाळा काढला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा निघाले असताना वाटेत नोर्डेनशेल्डच भेटला. नोव्हेंबरमध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं उरुग्वे हे जहाज येऊन सगळ्यांना घेऊन गेलं. दूसे पुढे गुप्तहेरकथा लिहून नाव कमावता झाला. अँडरसन चीनला गेला आणि पेकिंग मानव जिथे मिळाला त्या झोउकोउडियनच्या शोधात त्याचं नाव लागलं. दगडांनी राखलेला माणूस असंच त्याला म्हणावं लागेल.

१९०९ मध्ये पोलिश भूवैज्ञानिक वोझिन्स्कीने कार्पेथियन पर्वतातल्या गोर्गानी रांगेवरचे असेच दगडी उतार पाहून अशा हवामानाला नाव दिलं, पेरिग्लेशियल, हिमनदीच्या शेजारचं. पाच वर्षांनी त्याच कार्पेथियनमध्ये ऑस्ट्रियन आणि रशियन फौजा भर हिवाळ्यात भिडल्या आणि थंडीने हजारो माणसं गेली.

आता वाचनाची पद्धत. इंग्लंडमध्ये डेव्हन-कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जुन्या समुद्री गोट्यांच्या वर धारदार दगड आणि मातीचा एक थर असतो. कामगार त्याला 'हेड' म्हणत, म्हणजे वरचा माल, तो काढून टाकायचा आणि खालचं उपयोगी खणायचं. दे ला बेशने १८३९ च्या अहवालात कामगारांचाच शब्द उचलला आणि तो शास्त्रात रुळला. क्लेमेंट रीडने १८८७ मध्ये ससेक्सच्या खडूच्या टेकड्यांबद्दल लिहिलं की एरवी पाणी पिऊन टाकणारा खडू गोठलेला असेल तर पाणी मुरणार नाही, वरूनच वाहील आणि मलबा घेऊन जाईल. आज तिथे गायी चरतात.

अशा थराचा छेद समोर आला की दगडांची लांब बाजू कुठे आहे ते पाहायचं. नदीने आणलेले चपटे दगड एकमेकांवर कौलांसारखे रेलतात आणि प्रवाहाच्या उगमाकडे कलतात. कड्यावरून गडगडलेल्या मालात मोठे धोंडे सर्वांत खाली जातात, बारीक वर राहतात. दरड कोसळली असेल तर सगळाच गोंधळ. पण गोठत-वितळत सरकलेल्या मातीत बहुसंख्य दगडांच्या लांब बाजू उताराच्या दिशेला लागलेल्या असतात, वाऱ्यावरच्या गवतासारख्या. सरकती माती जिथे अडून थांबते त्या तोंडाशी ते आडवे पडतात किंवा उभे होतात. काही दगड सुरीसारखे धारेवर उभे असतात, ते खालून वर ढकललेले. काहींच्या माथ्यावर बारीक मातीची टोपी. एक दगड काही सांगत नाही. पन्नास दगडांची दिशा कंपासने मोजली की उतार बोलू लागतो. कंपास आणि नोंदवही, दोन्ही आमच्याकडे असतातच. मी हे खोदकामाच्या वेळी करतो. जवानांना आधी वाटलं साहेब वेळ काढतायत, आता ते स्वतःच उभे दगड दाखवतात.

आता १९८२. ब्रिटिश फौज २१ मे रोजी सॅन कार्लोसला उतरली. बेत असा की हेलिकॉप्टरने पुढे जायचं. २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर जहाजावर क्षेपणास्त्र बसलं आणि त्यासोबत तीन चिनूक आणि बरीच वेसेक्स हेलिकॉप्टरं गेली. मग पायी. ४५ कमांडो आणि ३ पॅरा यांनी पाठीवर ३५-४० किलो घेऊन बेट आडवं कापलं. पीटमध्ये बूट कायमचे ओले, आणि मध्ये मध्ये दगडांच्या नद्या. शेवाळलेले, पावसाने निसरडे, काही डगमगणारे. घोटे मुरगळले, मोडले.

११ जूनच्या रात्री टू सिस्टर्स या जोडशिखरांवर ४५ कमांडोचा हल्ला ठरला होता. त्यांची एक्स-रे कंपनी मिलान क्षेपणास्त्रं वाहून नेत होती. अंधारात, त्या भाराने, त्या जमिनीवर कंपनी दोन तासांहून जास्त उशिरा जागेवर पोचली. नकाशावर अंतर काहीच नव्हतं. कमांडिंग ऑफिसरने डोकं शांत ठेवलं, बेत जुळवून घेतला आणि पहाटेपर्यंत शिखरं ताब्यात आली. हा प्रसंग मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो. वेळेचं गणित हिमयुगातल्या दगडांनी बिघडवलं होतं. त्याच मोहिमेत ७ गुरखा रायफल्सची पहिली बटालियन होती. १९४७ मध्ये ब्रिटनच्या वाट्याला गेलेल्या चार गुरखा रेजिमेंटांपैकी ही एक. तिच्यातले आणि १० गुरखामधले जे भारतात राहिले, त्यांच्यातून आपली ११ गुरखा उभी राहिली. १४ जूनला शरणागती झाली.

सॅपरसाठी लढाई तिथे संपत नाही. अर्जेंटिनाने बेटांवर हजारो सुरुंग पेरले होते. साफसफाई २००९ मध्ये नव्याने सुरू झाली, बहुतेक काम झिम्बाब्वेच्या माणसांनी केलं आणि ते नोव्हेंबर २०२० मध्ये संपलं. सर्वांत शेवटचा भाग यॉर्क बेचा. तिथे वाळूच्या टेकड्या ३८ वर्षं सरकत राहिल्या होत्या आणि नोंदीतली जागा, खोली काहीच जुळत नव्हतं.

आपल्या सीमेवर हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, ड्रिफ्टेड माइन. नोंद काटेकोर असते. खुणेच्या दगडापासून इतके मीटर, अमुक अंश. पण पाऊस, बर्फ आणि उतार नोंदवही वाचत नाहीत. आणि पुष्कळदा खुणेचा दगडसुद्धा सरकलेला असतो. तळहाताएवढा सुरुंग म्हणजे जमिनीच्या दृष्टीने मध्यम आकाराचा एक दगड. दगडाला जे होतं ते त्यालाही होतं: वर येणं, कलणं, उताराने खाली जाणं. त्याची किंमत कधी गस्तीवरचा जवान मोजतो, कधी मेंढ्यांमागे गेलेलं एखादं पोर.

म्हणून उतारावरच्या जुन्या पट्ट्याजवळ काम असेल तर जुनी नोंद उघडण्याआधी मी सुरक्षित कडेला एक चर खणायला लावतो, गुडघाभर. दगड कुठल्या दिशेला लागलेत, किती उभे आहेत, माती थांबल्याची तोंडं कुठे आहेत, ते वहीत उतरवतो. मग नोंद उघडतो आणि नकाशावरच्या चौकोनापासून उताराच्या दिशेने पेन्सिलीने एक लांबट जीभ काढतो. सुभेदार साहेब निवृत्त होऊन गावी गेले, पण चर खणताना काय बघायचं ते त्यांच्या हाताखालच्या हवालदाराला ठाऊक आहे. परवा त्याने काढलेली जीभ माझ्यापेक्षा पंधरा मीटर लांब होती. आम्ही त्याचीच ठेवली.